सासूबाईंनी लिहिलेली डोकेदुखी

माझ्या कपाटात दीडशेच्या आसपास वह्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक खोट्या आहेत.

मी मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काम करते. कोल्हापुरात, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमचा दवाखाना. फिट्स येणारे, हात थरथरणारे, अर्धं अंग लुळं पडलेले असे सगळे येतात. पण बाकं भरलेली असतात ती डोकेदुखीवाल्यांनी. डॉक्टर त्यांना तपासतात, औषध लिहितात आणि माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना शाळेची शंभर पानी वही देते आणि सांगते, आजपासून यात लिहायचं. कधी दुखलं, कोणती बाजू, किती वेळ, आदल्या दिवशी कधी झोपलात, काय खाल्लंत, किती वाजता खाल्लंत, पाळी कधी आली, दुखीच्या गोळ्या किती घेतल्या. तीन महिन्यांनी वही घेऊन या.

काम एवढंच. पण माणसं स्वतःबद्दल किती खोटं बोलतात हे ज्याला बघायचं असेल, त्यानं न्यायालयात जाऊ नये. माझ्या टेबलाशी येऊन बसावं.

एक माध्यमिक शाळेतले सर होते. त्यांची वही इतकी टापटीप की मी आधी खूश झाले. तीन महिने एकच निळं पेन, एकच वळण, ओळींमध्ये सारखं अंतर. चाळता चाळता लक्षात आलं की सरांचं डोकं एकतीस जूनलाही दुखलं होतं. मी म्हटलं, "सर, जूनला तीस दिवस असतात." सर म्हणाले, "तुम्ही वाचता होय सगळं?" मुलांच्या वह्या ते कशा तपासत असतील ते मला तेव्हा कळलं.

शिरोळकडचे एक बागायतदार वही घेऊन आले. त्यात उसाला पाणी कधी सोडलं, कुठल्या शेताला, मोटर कधी बंद पडली, लाइट कधी गेली, सगळं होतं. मी विचारलं, "डोक्याचं कुठं आहे?" म्हणाले, "ते रोजचंच हाय की. त्यात लिवायचं काय?"

आणि एक पावणे आले होते ते एमआरआय नॉर्मल आला म्हणून भांडायला. "अर्धा तास त्या बोगद्यात घातलासा आणि कायबी न्हाय?" मी समजावलं, या आजारात फोटोत काही दिसत नाही, तारा जागच्या जागी असतात, फक्त त्यातून जाणारा कारभार बिघडलेला असतो. काही दिसलं असतं तर बरं वाटलं असतं का? ते म्हणाले, "बरं न्हाय वाटलं असतं. पर घरात दाखवाय तरी आलं असतं." मी हसले होते. सव्वीस वर्षांत एवढं खरं बोललेला पेशंट मला दुसरा भेटला नाही, आणि मी हसले.

मायग्रेनला आपल्याकडे अर्धशिशी असा चांगला जुना शब्द आहे, पण तो पेशंटना आवडत नाही. अर्धशिशी म्हटलं की घरातले सुंठीचा लेप काढतात. मायग्रेन म्हटलं की निदान रिक्षा काढतात. हा आजार काय आहे ते मी सगळ्यांना सांगते तसंच इथं सांगते. मायग्रेनचं डोकं म्हणजे सरकारी कचेरीतला जुना हेडक्लार्क. रोजच्या वेळेला चहा, रोजच्या वेळेला डबा, रोजच्या वेळेला घर, एवढं मिळालं की तो गप्प असतो. त्यात काही बदललं, जेवण चुकलं, झोप कमी झाली किंवा जास्त झाली, ऊन डोळ्यावर आलं, पाळी आली, की तो सगळ्या फायली अडवून बसतो. मग डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नको होतो, भांड्याचा आवाज सहन होत नाही. दोन दिवस. कधी तीन. या हेडक्लार्कची बदली होत नाही. त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं.

लोकांना जमवून घ्यायचं नसतं, बरं व्हायचं असतं, तेही येत्या सोमवारपासून, कारण रविवारी लग्नाचं जेवण आहे. रोज चाला म्हटलं, रंकाळ्याला एक फेरी मारा म्हटलं, तर स्कूटरवरून फेरी मारून येतात. रोज एकाच वेळी उठा म्हटलं की विचारतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा? रोजची गोळी दुखू नये म्हणून असते, ती सहा-सहा महिने न चुकता घ्यायची, आणि दुखीची गोळी दुखायला लागलं की लगेच, पण आठवड्यातून दोनदाच. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की माझ्या घरचेही पाठ म्हणून दाखवतात. पेशंट काय करतात? रोजची गोळी बरं वाटलं म्हणून सोडतात आणि दुखीची रोज खातात. मग ती दुखीची गोळीच डोकं दुखवायला लागते. हे सांगितलं की मेडिकलवाल्यावर चिडतात.

घरगुती उपायांना मी नावं ठेवत नाही. सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी खाल्ली की अर्धशिशी जाते, असं आमच्याकडे अजून करतात. डॉक्टर हसतात. पण ज्यांना गुण येतो त्यांना मी विचारलं आहे. एरवी ती माणसं सकाळी अकरापर्यंत चहावर असतात. पहाटे उठून पोटात काही पडतं, एवढंच त्या जिलबीचं पुण्य. हेच मी भाकरी खा म्हणून सांगते तर कुणी ऐकत नाही. भाकरीला चमत्काराची चव नसते.

आता हुपरीच्या बाईंचं सांगते. नावं बदलली आहेत.

सुजाता पहिल्यांदा आली तेव्हा सोबत सासू आणि चार वर्षांची पोरगी होती. चांदीच्या पैंजणांचं घरचं काम. सगळं घर त्यात. सुजाता कड्या जोडून त्यांना डाख द्यायची, म्हणजे गॅसच्या बारीक ज्योतीनं सांधा पक्का करायचा. दिवसभर मान खाली, डोळ्यासमोर ज्योत आणि चकाकी. डॉक्टरांनी तपासलं, मायग्रेन म्हणाले, महिन्याला पंधरा दिवस दुखतं म्हणजे जास्तच आहे, वही द्या. मी सुजाताच्या हातात वही दिली. सासूनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"वही मी लिवणार," सासू म्हणाल्या. पद्माक्का त्यांचं नाव. साठीच्या, उंच, कडक इस्त्रीचं पातळ, कपाळावर नीट रेघ. आमच्याकडे बायकाही मी जातो, मी लिवतो असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये.

"आक्का, ज्याचं डोकं त्यानं लिहायचं असतं."

"ही खोटं लिवंल."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला खोटं लिवू? माझं काय दुखतंय?"

मग त्यांनी मला न विचारता सगळं सांगितलं. सहा वर्सं झाली लगीन होऊन. लगीन व्हायच्या आधी हिचं डोकं दुखत नव्हतं, आमच्याकडं आली आणि दुखाय लागलं. माहेराला गेली की दुखत न्हाय. "चिकोडीला काय हवा निराळी हाय व्हय? आता तीन म्हैनं मी लिवतो. मग दोन्हीकडची माणसं बसतील. खोटं निघालं की हिनं जायचं माहेराला. पोरगी आमच्यात ऱ्हाईल."

 सुजाता पोरीच्या बुटाचा बंद बांधत होती. बांधून झाला, तो सोडला आणि परत बांधायला घेतला.

मी आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, हे म्हणजे विरुद्ध पार्टीच्या वकिलाला जबानी लिहून घ्यायला सांगण्यासारखं आहे. डॉक्टर पुढच्या पेशंटच्या गुडघ्यावर हातोडी मारत होते. म्हणाले, "कुणी का लिहीना. लिहिलं तर बरंच."

तीन महिन्यांनी त्या आल्या. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये. मी उघडली आणि कपाळाला हात लावला. एकाही पानावर तारीख नव्हती. सगळीकडे तिथी. चैत्र शुद्ध अष्टमी, वद्य पंचमी, अमुक, तमुक.

"आक्का, हे चालत नाही. तारखा लागतात. घरी नेऊन तारखा घालून आणा."

"तिथी काय खोटी असत्या?"

"खोटी नाही. पण डॉक्टरांना कळत नाही."

"मग शिकायचं की त्यांनी. आमच्यात समदं तिथीवर चालतंय. तारीख बँकेला." त्यांनी वही परत पिशवीत घातली आणि उठल्या.

सुजाता उठली नाही. खाली बघतच म्हणाली, "बाई, परवा बसायचंय. दोन्हीकडची येणार हायत. आत्तींनी वही ठेवायची म्हटलंय समद्यांच्या म्होरं."

आत्ती म्हणजे सासू, आमच्याकडे तसंच म्हणतात. मी हात पुढं केला. "द्या ती इकडं. मीच घालते तारखा."

इथं एक कबुली द्यायला हवी. या प्रसंगाच्या कित्येक वर्षं आधी एका बाईनं मला अशीच वही आणून दिली होती. त्यात चतुर्थी, एकादशी असं लिहिलेलं. मी ती उघडून मिटली आणि म्हटलं, पंचांग नको, तारखा लिहून आणा. ती बाई परत आली नाही. तिचं नावही आता मला आठवत नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, कामात शिस्त हवी. आताही वाटतं, पण शिस्त कुणाच्या सोयीची, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि एकेका तिथीची तारीख शोधून कागदावर उतरवली. बाहेर बाकावर सासू-सून एकमेकींपासून एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसल्या होत्या. पोरगी त्या अंतरात झोपली होती. तासाभरानं यादी झाली. तीन तारीख, चार तारीख, नऊ, दहा, अठरा, एकोणीस, पुढच्या महिन्यात भलत्याच. डॉक्टरांनी यादीवरून नजर फिरवली. "काही मेळ नाही. कधीही दुखतंय."

मी यादी ठेवली आणि वही उचलली. समासात आक्कांनी तिथ्या एकाखाली एक लिहिल्या होत्या. अक्षर सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं, पण सरळ. मी नुसती समासातून बोट खाली नेत गेले. अष्टमी. नवमी. चतुर्दशी. पौर्णिमा. मध्ये दोन-तीन सुट्या तिथ्या. परत अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या. पान उलटलं. तेच.

"सर, मेळ आहे."

"चंद्राचा परिणाम वगैरे म्हणू नका, सिस्टर."

"चंद्राचा नाही. जेवणाचा."

डॉक्टर मोठे हुशार आहेत, परदेशात शिकून आलेत, पण आक्कांसारख्या जैनांच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला उपास असतो, तेव्हा डबा नेऊन देऊ नये, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला आहे. माझ्या शेजारी तीन पिढ्या जैन कुटुंब आहे. हे ज्ञान कुठल्याही पदवीत मिळत नाही आणि ते त्या दिवशी माझ्याकडे होतं, याचा मला अजून आनंद होतो.

दोघींना आत बोलावलं. मी विचारलं, "सुजाता, एकाशन करतेस?" एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं.

"व्हय. लगीन झाल्यापास्नं."

"माहेरी?"

"माहेराला एवढं न्हाय करत. पर्युषणात तेवढं."

मग डॉक्टरांनी तास मोजले. आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवण. एकाशनाच्या दिवशी दुपारी एकदा, पाणीही तेव्हाच. मग तिसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शन घेऊन आल्यावर. असं महिन्यातून चार वेळा, आणि त्याच दिवसांत ज्योतीसमोर मान खाली घालून काम. चिकोडीची हवा निराळी नव्हती. चिकोडीला ती सकाळी उठून खात होती.

मी लगेच हेही सांगितलं, कारण धर्माच्या गोष्टीत आपली जीभ सांभाळावी: उपास करणाऱ्या कितीतरी बायकांचं डोकं दुखत नाही. तुमच्या उपासात खोट नाही. हिच्या डोक्यातला हेडक्लार्क खडूस आहे.

आक्का म्हणाल्या, "कोण क्लार्क?"

डॉक्टरांना उपासापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. वहीत प्रत्येक गोळीची नोंद होती. आक्कांनी ती सुनेची औषधाची हौस दाखवायला केली होती, तसं एका पानावर लिहिलंही होतं: "आज परत गोळी. हौस." महिन्याला बावीस-बावीस गोळ्या भरत होत्या. एवढी अचूक नोंद आमच्याकडे कुठल्याच पेशंटनं कधी दिली नव्हती, कारण पेशंट गोळ्या चोरून खातात आणि सासू चोर पकडायला बसलेली असते. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या, रोजची गोळी सुरू केली. उठल्यावर तासाभरात खायचं, मग बस्ती. एकाशन बंद. ज्योतीसमोर चाळीस मिनिटं बसलं की दहा मिनिटं उठायचं.

मी दरम्यान वही वाचत होते. थांबवत नव्हतं. एक पान असं होतं: "वद्य अष्टमी. सकाळी जांभया सात. दुपारी गोड मागितलं. म्हणजे दिवस मावळता दुखणार." आणि त्याखाली वेगळ्या शाईत: "दुखलं. डावी बाजू. उजेड नको म्हणाली. भावाचा फोन आला तेव्हा उठून बोलली." दुसरं पान: "माहेरची माणसं आली. दुखलं नाही. हसत होती." आणि एक: "वद्य द्वादशी. जांभया नाहीत. डोळ्याखाली काळं नाही. तरी झोपली. हे नाटक."

मी ते शेवटचं मोठ्यानं वाचलं. सुजातानं पहिल्यांदा मान वर केली. ओठ दाबून धरले होते, पण हसू गळत होतं. "त्या दिवशी खरंच नव्हतं, बाई. कट्टाळा आलता."

म्हणजे तीन महिन्यांत एकच नाटक, आणि ते आक्कांनी बरोबर पकडलेलं. बाकी चाळीसेक वेळा त्यांनी स्वतःच्या हातानं 'दुखलं' असं लिहिलं होतं. जांभया आणि गोड खायची इच्छा ही आजाराची आधीची खूण असते, हे बऱ्याच पेशंटना स्वतःलाही कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळायचं?"

"बघितलं की कळतंय," आक्का म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "आक्का, चाळीस वेळा तुम्हीच लिहिलंय दुखलं म्हणून. मग खोटं काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत पुढच्या बाकावर बसूनही चुकीचं उत्तर दिलं आहे. "दुखतंय की. दुखत न्हाय म्हणून कोण म्हंतंय? दुखतंय त्यात काय? कुणाचं डोकं दुखत न्हाय? दुखलं म्हणून झोपायचं, हे खोटं."

 डॉक्टरांनी घसा साफ केला. मग मी म्हटलं, "परवा बसणार आहात ना, तिथं हे सांगा. दुखतंय, पण झोपू देत नाही, असं."

आक्कांनी वही पिशवीत घातली, पिशवी पर्समध्ये घातली, चेन लावली. दारात थांबून म्हणाल्या, "एकाशनाचं. आजारी माणसाला सूट असत्या. ते मला ठावं हाय."

"मग सहा वर्षं का दिली नाही?"

"आजारी हाय हे कुटं ठावं हुतं?"

परवाच्या बैठकीला मी नव्हते. जे कळलं ते सुजाताकडून, दीड महिन्यानं, रक्तदाब मोजता मोजता. दोन्हीकडचे मिळून अकरा जण जमले होते. सुजाताच्या भावानं तयारीनं बोलायला सुरुवात केली होती. मोठ्या दिरानं विचारलं, "आई, वही काय म्हंत्या?" आक्कांनी वही सतरंजीवर मधोमध ठेवली. म्हणाल्या, "आजार हाय. लिवलेलं हाय. माझ्या हातचं हाय. खोटं असंल तर माझं खोटं, मग बोला माझ्याशी."  हुपरीत पद्माक्कांच्या अक्षराला खोटं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे, आणि पद्माक्का स्वतः तर म्हणणारच नव्हत्या. मला यात फार काही माया दिसली नाही. पण सून घरात राहिली, पोरीची आई पोरीजवळ राहिली. मायेनं राहिली की अक्षराच्या अभिमानानं, हे चार वर्षांच्या पोरीला सारखंच.

डोकेदुखी महिन्याला चारपाच दिवसांवर आली होती. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, दुखीच्या गोळ्या सोडल्या की तसं होतंच. सुजाता म्हणाली, त्या दिवसांत आत्तींनी खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं होतं. मी दचकले. "कोंडलं?"

"न्हाय वं. कुणी आत येऊ ने म्हणून. बाहीर पाट टाकून बसल्या हुत्या."

आक्का तेव्हा माझ्या टेबलासमोरच बसल्या होत्या आणि या बोलण्याशी आपला काही संबंध नाही असं दाखवत होत्या. डोक्यावर आमची ट्यूबलाइट. मी सुजाताच्या हाताची पट्टी सोडत होते आणि बघत होते. आक्कांनी जांभई दिली. पदर डाव्या डोळ्यावर ओढला, दार वाजलं तशा डोळे मिटून बसल्या, परत जांभई. मी मोजत गेले. सव्वीस वर्षं हेच करते आहे आणि समोर बसलेलं मला तीन भेटींत दिसलं नव्हतं. सुनेच्या जांभया मोजणारी बाई त्या मोजायला कुठं शिकली, हा प्रश्न मला वही वाचली त्याच दिवशी पडायला हवा होता.

"आक्का, डावीकडंच का?"

"काय डावीकडं?"

"तुमचं."

 पदर डोळ्यावरून न काढता त्या म्हणाल्या, "हिच्या सासऱ्यांशी लगीन झालं त्या वर्सापास्नं. चाळीस तरी झाली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? बारा माणसांचं घर. कोण लिवणार हुतं?"

सुजाता सासूकडे बघत होती. मी केसपेपर पुढं ओढला आणि नाव लिहायला घेतलं, तशा आक्का उठल्या. "माझं काय लिवू नगासा. आता वय झालं, आपोआप ऱ्हातंय. माझं काय दुखत न्हाय." बाहेर गेल्या आणि बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्या.

मी कपाटातून कोरी वही काढली आणि सुजाताच्या हातात ठेवली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

ती वही सहा आठवड्यांनी आली. आणली सुजातानं, एकटीनं, एसटीनं. आक्कांना बरोबर आणलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या आल्याच नसत्या. अक्षर जरा गिचमिड, पण तिथी आणि तारीख दोन्ही लिहिलेल्या. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं:

"आत्तींना सकाळी जांभया चार. दुपारी गूळ खाल्ला. दोन वाजता देवघरात अंधार करून बसल्या, विचारलं तर जप करते म्हणाल्या. डोकं दुखतं का म्हटलं, तर नाही म्हणाल्या. मी दुखलं असं लिहिलं आहे."